मासा आजारी पडला? निळी बाटली खाली ठेवा, आधी हे करा

फोनवर फोटो येतो. टँकचं पाणी नीळ कालवल्यासारखं निळंशार, मासे धड दिसत पण नाहीत आणि खाली लिहिलेलं, "भाऊ, मॉली वरच तरंगून राहिली, काल निळं औषध टाकलं, आज पिवळं टाकलं, आता काय टाकू?" आता काही टाकू नका, आता काढा, हेच माझं उत्तर असतं. सगळ्यांचा क्रम एकच असतो. पहिले औषध, मग दुसरं औषध, मग विचारपूस आणि शेवटी मासा गेल्यावर पाणी बदली. खरा क्रम याच्या उलटा आहे, औषध त्यात पाचव्या नंबरवर येतं आणि पुष्कळदा तिथपर्यंत जायची वेळच येत नाही.

मी इथे घरचा साधा दोन फुटी टँक धरून लिहून राहिलो. चार गप्पी, दोन-तीन मॉली, टेट्राचा घोळका, एखादी गुरामी, एखादी एंजल आणि काच चाटणारा तो काळा सकर. पाणीही आपल्याकडचं धरलं आहे, आम्ही मूर्तिजापूरकडचे, म्हणजे खारपाणपट्टा, नळ आठ-आठ दिवसांनी येतो आणि बोरचं पाणी तोंडात धरवत नाही. डोंगराकडच्या गावात पाणी गोडं असेल, पण क्रम तोच राहील.

आधीची तयारी: मासे बरे आहेत तेव्हाच हे सामान जमवा

मासा नेमका रविवारी रात्री आजारी पडतो, तालुक्याचं दुकान बंद असतं आणि डीपी जळाल्यामुळं लाईन नसते. म्हणून हे आधीच घरात पाहिजे.

वीस-पंचवीस लिटरचा एक नवा कोरा प्लास्टिक टब. एक छोटा स्पंज फिल्टर, तो डब्यात बंद ठेवायचा नाही, मोठ्या टँकच्या कोपऱ्यात कायम चालू ठेवायचा म्हणजे त्याच्या स्पंजात कामाचे जिवाणू बसलेले राहतात. बॅटरीवर चालणारा एअर पंप. थर्मामीटर. अमोनिया, नायट्राइट आणि पीएच पाहायचं टेस्ट किट (ऑनलाइन मिळते, महाग वाटते, पण दहा मासे मेले की त्याहून जास्त जातात). पाच एमएलच्या दोन सिरिंज, सुई काढून. ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा. पाकिटातलं बारीक नाही, साधं खडे मीठ. अँटी-क्लोरीनची बाटली. नळ फिटिंगचा उरलेला पीव्हीसी पाईपचा वीतभर तुकडा, माशाला लपायला.

टब नवा कोरा का म्हटलं ते सांगतो. तीनेक वर्षांपूर्वी पोळ्याच्या आसपास मी टँक धुवायला काढला आणि अंगणातली एक बकेट घेऊन, दोन पाण्यांनी विसळून सहा मॉली त्यात ठेवल्या. दहा मिनिटात त्या गोल-गोल फिरायला लागल्या, अंग झटकायला लागल्या, अर्ध्या तासात सहाच्या सहा आडव्या. मी दुकानदाराला शिव्या देत बसलो की आजारी माल दिला. सांजच्याला बाबा वावरातून आले, बकेट पाहिली अन् म्हणाले, "अरे, हिच्यातच तर मी काल कपाशीचं औषध कालवलं होतं." सायपरमेथ्रीनच्या जातीची फवारणीची औषधं माशाला इतकी जहरी असतात की लिटरला काही मायक्रोग्रॅममध्येच काम तमाम होतं, दोनदा विसळून काय होणार.

ध्यानात ठेवा: फवारणी करून आलेला माणूस आंघोळ केल्याशिवाय टँकमध्ये हात घालणार नाही. मच्छर अगरबत्ती, लिक्विडची मशीन, झुरळाचा स्प्रे टँकच्या खोलीत नको. ग्रामपंचायतीचा धुराचा पंप गल्लीत आला की टँकवर ओला कपडा टाका आणि एअर पंप तेवढा वेळ बंद ठेवा, कारण तो खोलीतली हवाच पाण्यात ढकलतो.

टप्पा १: अर्धा तास फक्त पाहायचं

खुर्ची घ्या, टँकसमोर बसा, लाईट चालू. मासे तुम्हाला पाहून खाण्यासाठी समोर येतील, ते शांत होऊ द्या. खायला टाकू नका. आजपासून पुढचे दोन दिवस तसंही काही द्यायचं नाही, मोठा मासा तेवढ्या उपवासानं मरत नाही पण सडलेल्या दाण्यांनी मरतो.

पहिला प्रश्न: सगळेच मासे बिघडले की एकच? सगळे एकदम वर येऊन तोंड उघड-मिट करून राहिले तर तो रोग नसतो, पाणी बिघडलं असतं. रोग सहसा एका-दोघांपासून सुरू होतो आणि मग पसरतो.

दुसरं, श्वास. कल्ल्याची झाकणी मिनिटाला किती वेळा हलते ते मोबाईलचं घड्याळ लावून मोजा आणि त्याच जातीच्या बऱ्या माशाची मोजून जुळवा. दोन्ही आकडे वहीत लिहा, उद्या कामात येतील.

मग अंग. टॉर्च बाजूनं मारा, समोरून मारला तर काहीच दिसत नाही. मिठाच्या कणाएवढे सुटे पांढरे ठिपके आहेत का? सोनेरी भुकटी उडाल्यासारखी दिसते का? शेपटीची कड दातरलेली, पांढुरकी झाली का? तोंडापाशी किंवा पाठीवर कापसासारखं काही? पोट फुगलंय का आणि वरून पाहिलं तर खवले कणसाच्या पानांसारखे उभे राहिलेत का? हे शेवटचं वरूनच पाहायचं, समोरून कळत नाही.

आणि कोण कोणाला मारतं ते पाहा. टायगर बार्ब ठेवला असेल तर एंजलचे लांब पर तो कुरतडतोच, आणि लोक त्यालाच शेपटी सडली म्हणून औषध देत बसतात. कुरतडलेली कड साफ, तुकडा तोडल्यासारखी असते, सडलेली कड पांढरट किंवा लालसर आणि झिरमिळ्या लोंबतात.

शेवटी वहीत मागचे दहा-पंधरा दिवस लिहा. नवा मासा आणला? एसटीत पिशवीतून किती तास आणला? फिल्टर नळाखाली धुतला? पाहुण्याच्या पोट्ट्यानं अर्धी डबी दाणे ओतले? लाईन किती तास नव्हती? निम्म्या वेळा उत्तर इथंच निघतं.

टप्पा २: पाणी, आणि याच्यातच सगळ्यात जास्त चुका

अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही तपासा. दोन्ही शून्य पाहिजेत, "थोडंसंच आहे" हे चालत नाही, आपल्याकडं तर बिलकूल नाही. कारण आपलं पाणी जड आणि खारं, पीएच ८ च्या वर-खाली. अमोनियाचा सगळाच भाग जहरी नसतो, २५ डिग्रीला पीएच ७ असेल तर जेमतेम अर्धा टक्का जहरी रूपात असतो, तोच पीएच ८ ला पाच टक्क्यांवर जातो, पाणी तापलं की आणखी. म्हणजे मुंबईच्या व्हिडिओवाल्यानं "इतका अमोनिया चालून जातो" म्हटलं तर ते त्याच्या पाण्यासाठी, आपल्या नाही.

किट असो नसो, पहिल्या दिवशी ३० टक्के पाणी बदला. सगळं नाही. अख्खा टँक उपसून, गोटे घासून, फिल्टर चकाचक करून नवं पाणी भरणं म्हणजे आजारी माणसाला दवाखान्यात न्यायच्या ऐवजी घर पाडून नवं बांधणं, त्यात जे जिवाणू अमोनिया खातात तेच जातात. पाईपनं तळाची घाण ओढून काढा, आणि पाईप तोंडानं ओढू नका, पाईप आधी पाण्यानं भरून घ्या. आजारी माशाच्या पाण्यातले काही जिवाणू माणसाच्या हाताच्या जखमेतून शिरून चामडीचा चिवट रोग करतात, हाताला कापलं असेल तर हातमोजा घाला.

आता कोणतं पाणी टाकायचं.

नळाचं असेल तर त्यात ब्लीचिंग असतं, आणि आठ-दहा दिवस बंद पडलेला नळ सुरू होतो तेव्हा वासच येतो नाकाला. अँटी-क्लोरीन बाटलीवर लिहिल्याप्रमाणे टाका, नाहीतर उघड्या टबात एअर स्टोन (एअर पंपाच्या नळीला लावायचा बुडबुड्यांचा दगड) लावून २४ तास ठेवा.

बोरचं पाणी ताजं काढून थेट ओतू नका. त्यात क्लोरीन नसतं पण ऑक्सिजनही फार कमी असतो आणि दबलेले वायू असतात. रात्रभर एअर स्टोन, किंवा निदान या बकेटीतून त्या बकेटीत वीस वेळा उंचावरून ओता.

आरओचा जार. इथं लोक हमखास गडबडतात. मासा आजारी म्हणून "चांगलं पाणी" द्यायचं आणि वीस लिटरचा थंडा जार आणून ओतायचा. एक तर तो थंडा, दुसरं म्हणजे मासा ज्या पाण्यात महिनोनमहिने आहे त्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) हजाराच्या वर आणि जारचा पन्नासच्या आसपास, एका झटक्यात एवढा फरक पडला की बरा मासाही कोलमडतो. आरओचा जार एकाच कामाचा, तो म्हणजे उन्हाळ्यात वाफ होऊन उडालेली भर घालायला. पाणी उडतं, क्षार मागं राहतात, म्हणून तेवढीच भर जारच्या पाण्यानं करा, तेही खोलीच्या गरमीवर आल्यावर.

गरमीचा हिशोब पण वहीत घ्या. २० डिग्रीच्या पाण्यात लिटरमागं साधारण ९ मिलीग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० ला साडेसात, ३५ ला सात. आपल्या मे महिन्यात टँक ३३-३४ ला सहज जातो आणि माशाची भूक-श्वास गरमीनं वाढलेला असतो, म्हणून दुपारी मासे वर येतात. त्याला औषध नाही. झाकण काढा, वर जाळी लावा, टेबल फॅन पाण्याच्या वरून आडवा मारा, दोन-तीन डिग्री उतरतात. बर्फ थेट टाकू नका, फार झालं तर पाण्याची गोठवलेली बंद बाटली तरंगत ठेवा. छतावरच्या टाकीचं दुपारचं पाणी तर चुकूनही नको. नवं आणि जुनं पाणी यात एक-दोन डिग्रीच्या वर फरक नको, हात घालून नाही, थर्मामीटर घालून.

फिल्टरचा स्पंज टँकमधून काढलेल्या जुन्या पाण्यातच पिळा. नळाखाली नाही. लाईन सात-आठ तास नव्हती तर फिल्टर चालू करायच्या आधी स्पंज काढून असाच पिळा, आत सडलेलं पाणी तसंच टँकमध्ये सोडू नका.

तपासा: पाणी बदलून सहा तासांनी पुन्हा श्वास मोजा. आकडा उतरला, मासा खाली येऊन फिरायला लागला तर इथंच थांबा. पुढचे चार-पाच दिवस रोज २५ टक्के पाणी बदला आणि औषध आणूच नका.

टप्पा ३: टँकमध्ये पाणी किती, ते काढा

औषध असो की मीठ, अंदाजपंचे टाकायचं नाही. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची इंचात मोजा (काचेची नाही, पाण्याची), तिन्हीचा गुणाकार करा, ६१ नं भागा, लिटर येतात. २४ गुणिले १२ गुणिले १५ म्हणजे ४३२०, भागिले ६१, साधारण ७१ लिटर. त्यातून गोटे, दगड, खेळण्याचा किल्ला यांचे १०-१५ टक्के वजा करा, राहिले ६० च्या जवळपास. दुकानदार "हा शंभर लिटरचा टँक" म्हणून देतो आणि आपण शंभर लिटरचा डोस टाकतो, तिथंच मार खातो. हा ६० चा आकडा टँकच्या मागच्या काचेवर मार्करनं लिहून ठेवा.

टप्पा ४: वेगळं करायचं की नाही

एका माशाला जखम, शेपटी सडणं, पोट फुगणं, कापूस, बाकीचे मासे ठणठणीत: टबात वेगळा करा.

पांढरे ठिपके: वेगळा करून उपयोग नाही, अख्ख्या टँकचा इलाज करावा लागतो. का ते पुढं सांगतो.

टबात १५ लिटर पाणी घ्या. टँकचं पाणी तपासणीत चांगलं निघालं असेल तर अर्धं त्यातलंच, नसेल तर सगळं तयार केलेलं नवं. कोपऱ्यातला स्पंज फिल्टर उचलून टबात. गोटे नाही, झाडं नाही, फक्त पाईपचा तुकडा. वर जाळी, नाहीतर मासा उडी मारतो आणि घरात मांजर असतेच. टब कूलरच्या थरथरणाऱ्या स्टँडवर नको आणि स्वयंपाकघरात फोडणीच्या धुरात नको.

मासा पकडताना जाळी घेऊन पंधरा मिनिटं टँकभर पळवू नका. लाईट बंद करा, एक जाळी स्थिर धरा आणि दुसरीनं हळू ढकला, किंवा सरळ प्लास्टिकच्या मगमध्ये घ्या. आजारी मासा अर्धा पळवापळवीतच संपतो.

टप्पा ५: एक आजार, एक इलाज

दुकानात सहसा तीन बाटल्या हातात देतात, निळी, पिवळी आणि एक "टॉनिक". तिन्ही एकत्र टाकू नका. एक ठरवा, पूर्ण करा, नाही जमलं तर पाणी बदलून दुसरं. आणि कोणतंही औषध टाकायच्या आधी फिल्टरमध्ये काळा कोळसा असेल तर काढा, तो औषध शोषून घेतो. ही चूक तर इतकी होते की सांगायची सोय नाही, माणूस आठ दिवस औषध टाकतो आणि कोळसा आठ दिवस ते गिळतो.

*पांढरे ठिपके*

हा थंडीतला आजार. डिसेंबर-जानेवारीत रात्री पाणी १८-१९ वर येतं, त्यात नवा मासा आणलेला असतो आणि चार दिवसात रवा उडाल्यासारखे ठिपके. हा एक सूक्ष्म जीव आहे, माशाच्या चामडीत शिरून वाढतो, पिकला की गळून तळाला जातो, तिथं कवचात फुटून त्याची शेकडो पिल्लं होतात आणि ती पोहत पुन्हा मासा शोधतात. औषध फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना मारतं. अंगावरच्याला नाही, कवचातल्याला नाही. म्हणून तिसऱ्या दिवशी ठिपके गळाले की लोक म्हणतात "झालं बरं" आणि औषध बंद करतात, अन् त्याच आठवड्यात दुपटीनं ठिपके येतात, मग औषध नकली होतं असं गावभर सांगतात. ठिपके गळाले म्हणजे तळाला अंडी उबवायला बसल्यासारखं आहे, तेव्हाच तर औषध पाहिजे.

रीत अशी. हीटरनं पाणी ३० पर्यंत न्या, पण एका दिवसात नाही, दिवसाला दोन-तीन डिग्री. गरमीनं त्या जीवाचं चक्र भराभर फिरतं, म्हणजे तो लवकर औषधाच्या तावडीत येतो. एअर पंप पूर्ण चालू. मग मीठ लिटरला २ ग्रॅम, म्हणजे आपल्या ६० लिटरला १२० ग्रॅम, काट्यावर मोजून. एकदम नाही, ४० ग्रॅम आज, ४० उद्या, ४० परवा, मगभर टँकच्या पाण्यात पूर्ण विरघळवून. शेवटचा ठिपका गेल्यावरही पुढं आठवडाभर चालू, एकूण दोन आठवडे धरा.

मिठाची नेहमीची चूक: मीठ उडत नाही. भर घालताना मीठ टाकायचं नाही. १५ लिटर पाणी काढून नवं टाकलं तर त्या १५ लिटरपुरतंच, म्हणजे ३० ग्रॅम टाकायचं. दर वेळी पूर्ण १२० टाकणारे दोन आठवड्यात टँकचा समुद्र करतात. आणि बोरचं पाणी आधीच खारं असेल तर लिटरला १ ग्रॅमवरच थांबा आणि मासे पाहत राहा.

गप्पी-मॉली मीठ आनंदानं सोसतात. कोरी, लोच हे तळाशी फिरणारे मासे आणि बिनखवल्याचे मासे सोसत नाहीत, टेट्रा कुरकुरतात, झाडं जळतात. असा टँक असेल तर मीठ सोडा, ठिपक्यांचं हिरवं औषध, मॅलॅकाइट ग्रीनवालं, अर्ध्या डोसनं वापरा. ते टाकल्यावर टँकची लाईट बंद ठेवा कारण उजेडानं ते उतरतं, आणि हातमोजे घाला, ते औषध माणसालाही चांगलं नाही.

एक गोष्ट मात्र पक्की ठेवा: मे महिन्यात टँक ३३ वर असताना पांढरं दिसलं तर आधी शंका घ्या. एवढ्या गरमीत हा जीव सहसा टिकत नाही. नर गोल्डफिशला विणीच्या दिवसात कल्ल्यावर ओळीनं पांढरे दाणे येतात, तो आजारच नाही. आणि पांढरं जर चट्ट्यासारखं असेल तर पुढचं वाचा.

*तोंडाशी किंवा पाठीवर पांढरा कापूस*

यात दोन प्रकार. खरी बुरशी फुललेल्या बोंडातल्या कापसासारखी फुगीर असते, सहसा जुन्या जखमेवर येते आणि हळू वाढते. याला टबात निळं औषध, मिथिलीन ब्लू, चालतं. किती ते बाटलीवर पाहा कारण प्रत्येक बाटलीची तीव्रता वेगळी, आणि सिरिंजनं मोजा, बुचानं नाही. या औषधानं फिल्टरमधले कामाचे जिवाणू मरतात म्हणून ते मोठ्या टँकमध्ये कधीच नाही. टबातला स्पंजही त्यातून सुटत नाही, म्हणून या इलाजात स्पंज मोठ्या टँकमध्येच राहू द्या, टबात नुसता एअर स्टोन लावा आणि रोज अर्धं पाणी बदलून तेवढ्या पाण्यापुरतंच औषध परत टाका.

दुसरा प्रकार जिवाणूंचा. ओठाभोवती पांढरट साय, किंवा पाठीवर बैलाच्या झुलीसारखा फिकट पट्टा, आणि एक-दोन दिवसात मासा जातो. याला गरम पाणी म्हणजे खतपाणी, ठिपके समजून हीटर लावला की टँक साफ होतो. गरमी उलट २४-२५ कडे उतरवा, टबात मीठ लिटरला २ ग्रॅम, एअर फुल, आणि रोज पाणी बदला. बाकीच्यांवर डोळा ठेवा कारण हा झपाट्यानं पसरतो.

इथं लोक मेडिकलमधून टेट्रासायक्लिनची कॅप्सूल आणून फोडून टाकतात. नका टाकू. आपल्या जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम त्या औषधाला बांधून टाकतं, माशाला मिळतं ते नाममात्र, पाणी मात्र पिवळं-तपकिरी होतं आणि फिल्टर बसतो. अँटिबायोटिकची खरंच गरज असेल तर ढोरांच्या डॉक्टरला फोटो दाखवून विचारा. माशाचा अनुभव सगळ्यांना नसतो, पण औषधाचं ज्ञान आपल्याहून जास्तच असतं. नागपूरला माफसूचं (पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं) मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे, महागाचे मासे असतील तर तिथं विचारता येतं.

*शेपटी सडणं*

याचं मूळ दहात आठ वेळा घाणेरडं पाणी असतं, हा माझा अनुभव. टब, रोज ३० टक्के पाणी, मीठ लिटरला १ ते २ ग्रॅम, दहा दिवस. कड पारदर्शक, काचेसारखी वाढताना दिसली की समजा मासा लाईनवर आला. ती नवी वाढ पाहून घाबरून पुन्हा औषध टाकणारेही पाहिलेत मी.

*पोट फुगणं*

खवले बसलेले आहेत, मासा नुसता ढब्बू झाला, शी होत नाही किंवा पांढरी दोऱ्यासारखी होते: तीन दिवस उपवास, मग उकडलेला वाटाणा साल काढून कणाकणानं, गोल्डफिश-मॉली खातात. सोबत टबात एप्सम सॉल्ट, दहा लिटरला ५ ग्रॅम. हे म्हणजे मॅग्नेशियम सल्फेटच, जे आपण कपाशीवर लाल्या आला की फवारतो, पण कृषी केंद्रातलं पोतं उघडू नका, मेडिकलमधलं छोटं पाकीट आणा. आणि गप्पी-मॉलीची मादी फुगली तर आधी पाहा, शेपटीच्या आधी पोटाशी काळसर डाग आहे का, असेल तर ती गाभण आहे, तिला काय औषध देता.

खवले उभे राहिले असतील तर आतलं मूत्रपिंड गेलं असतं. एप्सम सॉल्ट देऊन पाहा, पण हातचा गेला असंच धरा. मी आजवर दोनच वाचलेले पाहिले.

टप्पा ६: रोजचा नेम

सकाळी श्वास मोजा, फोटो काढा त्याच कोनातून, गरमी लिहा. संध्याकाळी टबातलं ३० टक्के पाणी बदला, स्पंज नसेल तर ५० टक्के. जेवढं पाणी बदललं तेवढ्याच पाण्याचं औषध परत टाका. तिसऱ्या दिवसापासून खाणं, दोन मिनिटात संपेल एवढंच, उरलेलं लगेच काढा. जाळी, पाईप, मग टबाचं वेगळं, टँकचं वेगळं.

सुधारणा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी श्वासात दिसते, अंगावर उशिरा दिसते. म्हणून दुसऱ्या दिवशी औषध बदलू नका. उलट औषध टाकल्यावर तासाभरात मासा तिरपा झाला, झटके देऊ लागला तर वाट पाहू नका, तयार पाण्यानं अर्धा टब बदला. त्यासाठी एक बकेट तयार पाणी कायम बाजूला झाकून पाहिजे, हे मी मागाहून शिकलो.

टप्पा ७: परत सोडणं, किंवा मासा गेला तर

मासा बरा दिसला की लगेच परत नाही. औषध बंद करून पाच-सात दिवस साध्या पाण्यात ठेवा, खातोय, पर उघडे ठेवतोय, श्वास बऱ्या माशाएवढा आहे, मग सोडा. सोडताना मगमध्ये घेऊन टँकचं पाणी दर पाच मिनिटांनी थोडं-थोडं मिसळत अर्धा-पाऊण तास, मग फक्त मासा टँकमध्ये, मगचं पाणी बाहेर. लाईट बंद करून सोडा, नाहीतर जुने मासे नव्या पाहुण्यासारखे त्याच्या मागं लागतात.

खवले उभे, दोन दिवस आडवा पडून, काहीच उपाय नाही असा मासा असेल तर संडासात टाकणं, मातीत फेकणं, फ्रीजरमध्ये ठेवणं हे सगळं हाल करणं आहे. मेडिकलमधलं लवंगाचं तेल घ्या. तीन-चार थेंब छोट्या बाटलीत कोमट पाण्यात जोरात हलवून दुधाळ करा, एक लिटर टँकच्या पाण्यात हळूहळू ओता, मासा झोपतो. पूर्ण निपचित झाला की पुन्हा दहा-बारा थेंब तसेच हलवून ओता आणि कल्ले थांबल्यानंतरही अर्धा तास तसाच ठेवा.

मेलेला मासा नाल्यात, तळ्यात नाही, झाडाच्या बुडाशी वीतभर खोल पुरा. टबाचं औषधी पाणी पण तुळशीला किंवा गाईच्या हौदात नको, रिकाम्या जागेत मातीत जिरवा. जिवंत आजारी मासा "देवाच्या तळ्यात सोडून देतो" म्हणून गावतळ्यात सोडू नका, तिथल्या माशांना रोग लागतो, आणि सकर सोडला तर तो तिथं वाढून भोईमंडळींची जाळी फाडतो.

मग टब, जाळी, पाईप साध्या पाण्यानं घासून दोन दिवस कडक उन्हात पूर्ण वाळवा. साबण नको. स्पंज फिल्टर ठिपक्यांच्या किंवा जिवाणूंच्या आजारात वापरला असेल तर तोही वाळवून काढा आणि नंतर मोठ्या टँकच्या कोपऱ्यात परत लावा, महिनाभरात तो पुन्हा कामाचा होतो. पुढचा नवा मासा आणला की आधी तीन आठवडे याच टबात राहील.

आणि टबावर ऑइल पेंटनं मोठ्या अक्षरात लिहा, "माशाचा टब, फवारणीला नेऊ नये". आमच्याकडं लिहिलं आहे, तरी मागच्या हंगामात तो दोनदा वावरात गेला होता, म्हणून आता तो पलंगाखाली असतो.